सही एकाची, बांधिलकी सर्वांची
(बी. ए. भाग २)

काटोल-नरखेड भागात संत्र्याची बाग बहारावर विकण्याची रीत आहे. फळ झाडावर असतानाच व्यापारी येतो, बाग फिरून पाहतो, अंदाजाने किंमत ठरवतो, इसार देतो आणि एका साध्या कागदावर चार ओळी लिहून घेतो. उरलेली रक्कम फळ उतरल्यावर द्यायची असते.

आमच्या घरची बाग तीन भावांची, सामाईक. मोठेबाबांना लिहिता येत नाही आणि काका नागपुरास कामाला असतात. त्यामुळे कागदावर सही माझ्या बाबांची. एका वर्षी फळ उतरून गेले आणि पाठोपाठ बाजार पडला. बाबा बाकी मागायला गेले, तेव्हा व्यापारी म्हणाला, “बाग तिघांची आणि सही एकाची. हा करार होतच नाही.” या वाक्याला आमच्या घरात कोणाजवळच उत्तर नव्हते. बाबा परत आले, कागद पेटीत गेला आणि विषय संपला.

मी कायद्याचा विद्यार्थी नाही, राज्यशास्त्राचा आहे. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. अनेकांनी मिळून केलेल्या व्यवहारात एकानेच सही केली, तर ती कोणाकोणाला बांधते? सही करण्याचा अधिकार त्याला कोणी दिला, आणि दिला नसेल तर काय होते? हाच प्रश्न इतवारीतील दोन भागीदारांच्या दुकानापासून मेट्रो रेल्वे बांधणाऱ्या परदेशी कंपन्यांच्या संघापर्यंत सर्वांना पडतो आणि त्यावर थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटले झाले आहेत. त्यांपैकी एक खटला तर आपल्या शेजारच्या भंडाऱ्याचाच आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विद्यार्थ्याला झेपेल इतका विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

भागीदारीचा कायदा

या विषयाचा मूळ आधार भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ हा आहे. त्याच्या कलम १८ प्रमाणे प्रत्येक भागीदार हा पेढीच्या धंद्यापुरता पेढीचा अभिकर्ता, म्हणजे एजंट असतो. कलम १९ सांगते की, पेढीचा जो नेहमीचा धंदा आहे तो नेहमीच्या रीतीने चालविताना एका भागीदाराने केलेली कृती संपूर्ण पेढीला बांधते. याला गर्भित अधिकार म्हणतात. हा अधिकार वेगळा लिहून द्यावा लागत नाही, भागीदार होण्यातच तो येतो. मात्र कलम २२ प्रमाणे ती कृती पेढीच्या नावाने, किंवा पेढीला बांधण्याचा हेतू स्पष्ट दिसेल अशा रीतीने झालेली असली पाहिजे. आणि एकदा पेढी बांधली गेली की कलम २५ प्रमाणे सर्व भागीदार संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणेही जबाबदार ठरतात. म्हणजे येणेकरी पूर्ण रक्कम कोणाही एकाकडून मागू शकतो.

पण हा अधिकार अमर्याद नाही. कलम १९ च्या दुसऱ्या पोटकलमात आठ गोष्टी मोजून दिल्या आहेत. तशी व्यापारी रूढी नसेल, तर एकट्या भागीदाराला पेढीचा तंटा लवादाकडे सोपविता येत नाही, पेढीचे खाते स्वतःच्या नावाने उघडता येत नाही, पेढीच्या येण्याबाबत तडजोड करता येत नाही किंवा ते सोडून देता येत नाही, पेढीने लावलेला दावा मागे घेता येत नाही, पेढीविरुद्धच्या दाव्यात देणे कबूल करता येत नाही, पेढीसाठी स्थावर मिळकत घेता येत नाही, पेढीची स्थावर मिळकत देऊन टाकता येत नाही आणि पेढीच्या वतीने दुसऱ्या भागीदारीत शिरता येत नाही. ही यादी नीट पाहिली तर तिच्यातील सूत्र ध्यानात येते. रोजचा माल घेणे-विकणे ही एकाची सही भागवू शकते. पण जिच्यामुळे पेढीचे हक्कच कायमचे हातचे जातील किंवा पेढीचे स्वरूपच बदलेल, अशा गोष्टीला सर्वांची संमती लागते.

आता समजा, एका कापडाच्या पेढीच्या भागीदारीपत्रात असे लिहिले आहे की, ५०,००० रुपयांवरच्या खरेदीला दोघांच्याही सह्या हव्यात. तरीही एका भागीदाराने एकट्याने १,००,००० रुपयांचा माल मागविला. गिरणीला ही अट ठाऊक नव्हती. अशा वेळी पेढीला सुटका नाही. कलम २० असे की, भागीदारांनी आपसात घातलेले बंधन तिऱ्हाइताला माहीत नसेल तर ते त्याच्याविरुद्ध चालत नाही. घरातला नियम घरात. दारात उभ्या असलेल्या माणसाने तो ओळखून असावे अशी अपेक्षा कायदा करीत नाही.

आपल्या समाजाला हे तत्त्व अगदीच नवे नाही. एकत्र हिंदू कुटुंबात कर्ता हा सर्वांच्या वतीने व्यवहार करतो आणि कुटुंबाच्या खऱ्या गरजेसाठी त्याने केलेले कर्ज इतर सहदायादांना सामाईक मिळकतीपुरते बांधते. मात्र ती गरज नव्हती असे दिसले तर त्यांना तक्रार करता येते. अधिकार आणि त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी इथेही बरोबरच चालतात.

भंडाऱ्याचा खटला

वरील नियम खाजगी व्यवहाराचे झाले. समोरचा पक्ष सरकार असेल तर प्रश्न अधिक अवघड होतो, कारण सरकारच्या वतीने सही कोणी व कशी करायची हे राज्यघटनेनेच ठरवून दिले आहे. अनुच्छेद २९९ प्रमाणे केंद्र सरकारचा करार राष्ट्रपतींच्या नावाने व राज्य सरकारचा राज्यपालांच्या नावाने व्यक्त झाला पाहिजे आणि त्यावर त्यासाठी अधिकार दिलेल्या व्यक्तीनेच सही केली पाहिजे.

याचा पहिला मोठा कस लागला तो भंडाऱ्याच्या निवडणुकीत. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडारा लोकसभा मतदारसंघ दोन जागांचा होता, एक सर्वसाधारण आणि एक अनुसूचित जातींसाठी राखीव. सर्वसाधारण जागेवर चतुर्भुज विठ्ठलदास जसानी निवडून आले. ते मूलजी सिक्का आणि कंपनी या पेढीचे भागीदार होते आणि ही पेढी सैनिकांच्या कँटीनसाठी केंद्र सरकारला विड्या पुरवीत असे. त्या वेळच्या लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ७ प्रमाणे, सरकारला माल पुरविण्याच्या करारात ज्याचा हितसंबंध आहे त्याला निवडणूक लढविता येत नव्हती. विरोधकांनी हाच आक्षेप घेतला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

जसानींच्या बाजूचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. हा करार राष्ट्रपतींच्या नावाने झालेलाच नाही; कँटीनचा कारभार पाहणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षांनी तो केलेला आहे; सबब घटनेप्रमाणे तो करारच नव्हे; आणि करारच नाही तर हितसंबंध कशात? थोडक्यात, आमच्या व्यापाऱ्याने बाबांना जे सांगितले त्याच जातीचे हे म्हणणे होते. सही योग्य माणसाची नाही, म्हणून व्यवहारच नाही.

फेब्रुवारी १९५४ मध्ये निकाल लागला. तो न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी लिहिला. बोस हे मूळचे नागपूरचे वकील. सर्वोच्च न्यायालयात जाण्यापूर्वी ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. त्यांच्या विवेचनाचा आशय असा: घटनेतील हे बंधन निव्वळ दिखाव्यासाठी नाही. अधिकार नसलेल्या माणसाने केलेल्या करारापासून सरकारचे, पर्यायाने जनतेच्या पैशाचे, रक्षण व्हावे म्हणून ते आहे. म्हणून असा करार सरकारवर दावा लावून वसूल करता येणार नाही. परंतु शेकडो अधिकारी रोज लहानमोठे व्यवहार पत्राने किंवा तोंडी करतात. अशा प्रत्येक व्यवहाराला जाडजूड दस्त हवा म्हटले तर कारभारच थांबेल. तेव्हा नमुन्यात बसत नाही म्हणून करार सर्वच दृष्टींनी शून्य ठरत नाही. मंडळाचे अध्यक्ष सरकारच्या वतीने वागत होते आणि सरकार त्यांचे कृत्य मागाहून मान्य करू शकत होते. भागीदाराचा त्या करारात हितसंबंध होताच. माल पोचला पण पैसे यायचे आहेत, एवढ्यानेही करार संपत नाही. दोन्ही बाजूंचे काम पुरे होईपर्यंत तो जिवंत असतो.

जसानी अपात्र ठरले. या खटल्यात राखीव जागेसंबंधी आणखी एक स्वतंत्र मुद्दा होता, तो येथे घेतलेला नाही. १९५४ सालीच भंडाऱ्यात पोटनिवडणूक झाली. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते आणि भाऊराव बोरकर यांच्याकडून त्यांचा पराभव झाला. बाबासाहेबांच्या या पराभवाबद्दल आपण नेहमी वाचतो. पण ती निवडणूक ज्या खटल्यानंतर झाली त्यात विड्यांच्या एका कराराचा आणि त्यावर सही करण्याच्या अधिकाराचा प्रश्न गुंतलेला होता, हे निदान मला तरी ठाऊक नव्हते.

पुढे कायदा काहीसा बदलला. १९६६ मध्ये लोकप्रतिनिधित्व अधिनियमात कलम ९अ आले. त्याच्या स्पष्टीकरणाप्रमाणे कंत्राटदाराने आपले काम पूर्ण केले असेल, तर केवळ सरकारकडून पैसे येणे बाकी आहे म्हणून करार चालू आहे असे मानले जात नाही. दुसरीकडे, अनुच्छेद २९९ च्या बाबतीत न्यायालय अधिक कडक झाले. भिकराज जयपुरिया खटल्यात १९६१ साली अशा अटी अनिवार्य मानल्या गेल्या, आणि मुलामचंद विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात १९६८ साली असा करार मागाहून मान्यही करता येत नाही असे ठरले. मग बिचाऱ्या पुरवठादाराने काय करावे? त्याचे उत्तर पश्चिम बंगाल विरुद्ध बी. के. मोंडल आणि सन्स या १९६१ च्याच निकालात सापडते. करार टिकला नाही तरी, एखाद्याने फुकट करण्याच्या हेतूने नव्हे तर मोबदल्याच्या अपेक्षेने काम केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७० प्रमाणे लाभ घेणाऱ्याने भरपाई दिली पाहिजे. सही चुकली म्हणून माल फुकट पचविता येत नाही, असाच याचा अर्थ.

कन्सॉर्शियम: आजची भागीदारी

आज मोठी कामे एकेकटी कंपनी क्वचितच घेते. एक कंपनी खांब उभारते, दुसरी डबे बनविते, तिसरी सिग्नल बसविते. अशा कंपन्या एका कामापुरता जो संघ करतात त्याला कन्सॉर्शियम म्हणतात. तो कायमच्या पेढीसारखा नसतो. काम संपले की संघ संपतो आणि आपली ही भागीदारी नव्हे असे त्याच्या करारपत्रात अनेकदा मुद्दाम लिहिलेले असते. पण केवळ लिहिल्याने सर्व ठरत नाही. फकीर चंद गुलाटी खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, दस्ताला काय नाव दिले आहे यापेक्षा त्यातील अटी काय आहेत हे पाहावे लागते.

भागीदारीतील गर्भित अधिकाराची खात्री येथे नसल्यामुळे निविदा काढणारे आधीच बंदोबस्त करतात. संघाने एक प्रमुख सदस्य नेमावा, इतरांनी त्याला सह्या करण्याचे मुखत्यारपत्र द्यावे आणि सर्वांनी संयुक्त व स्वतंत्र जबाबदारी लेखी स्वीकारावी, अशा अटी असतात. म्हणजे भागीदारी अधिनियमाच्या कलम १८ व २५ ने जे आपोआप होते, ते येथे कागद करून मिळवावे लागते.

आपल्या नागपूर मेट्रोच्या डब्यांची निविदा याच प्रश्नाच्या आसपास न्यायालयात गेली. टिटागढ फिरेमा एडलर आणि टिटागढ वॅगन्स यांच्या कन्सॉर्शियमने चीनच्या सरकारी मालकीच्या सीआरआरसी या कंपनीच्या पात्रतेला आव्हान दिले. चिनी कंपनीने एकटी म्हणून निविदा भरली, पण अनुभव आपल्या उपकंपन्यांचा दाखविला; मग ती एकटी कशी, असा आक्षेप होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने याचिका फेटाळली आणि मे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. निविदेच्या अटींचा अर्थ लावण्याचा पहिला मान निविदा काढणाऱ्याचा, त्यात दुष्ट हेतू किंवा उघड विपर्यास नसेल तर न्यायालयाने हात घालू नये, असे याच मेट्रोच्या दुसऱ्या एका निविदेत, अ‍ॅफकॉन्स खटल्यात, २०१६ साली ठरले होते. ‘एक’ कोण आणि ‘अनेक’ कोण हे निविदेच्या कागदावर किती काटेकोर लिहिले पाहिजे, याचा हा धडा आहे.

त्याहून स्पष्ट उदाहरण मुंबईच्या मोनोरेलचे. लार्सन अँड टुब्रो आणि मलेशियाची स्कोमी इंजिनिअरिंग यांच्या कन्सॉर्शियमचा मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाशी २००९ साली करार झाला. पुढे तंटा झाल्यावर संघाने म्हटले की, आमच्यातील एक कंपनी परदेशी आहे, म्हणून हा आंतरराष्ट्रीय लवाद समजावा. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे मानले नाही. करार करताना दोघांनी मिळून एकच कंत्राटदार म्हणून सही केली होती. संघाचा प्रमुख सदस्य भारतीय होता, देखरेख मंडळाचा अध्यक्ष तोच नेमीत होता आणि संघाचे कार्यालय वडाळ्यात होते. म्हणजे संघाची सूत्रे भारतातूनच हालत होती. सही करताना एक आणि भांडताना दोन, हे चालणार नाही, असा या निकालाचा मथितार्थ मी घेतो.

आणि हे न्यायाचेच आहे. १९९४ च्या न्यू होरायझन्स खटल्यात, हैदराबादच्या टेलिफोन डिरेक्टरीच्या निविदेबाबत, सर्वोच्च न्यायालयाने संयुक्त उपक्रमाच्या पात्रतेसाठी त्यातील घटक कंपन्यांचा अनुभव धरला पाहिजे असे म्हटले. अनुभव सर्वांचा मोजून घ्यायचा असेल, तर जबाबदारीही सर्वांनी उचलली पाहिजे.

आपसातील भांडण

मग ज्या भागीदाराला न विचारता सही झाली त्याने काय करावे? येथे कायदा दोन दारे वेगळी ठेवतो. बाहेरच्या दारातून आलेल्या प्रामाणिक तिऱ्हाइताला तो सहसा रिकाम्या हाताने पाठवीत नाही. पण आतल्या दाराने भागीदार भागीदाराकडे जाब मागू शकतो. फसवणुकीने झालेले नुकसान कलम १० प्रमाणे आणि मुद्दाम केलेल्या हयगयीने झालेले नुकसान कलम १३ प्रमाणे त्या भागीदाराने पेढीला भरून द्यायचे असते. मात्र पेढी नोंदलेली नसेल तर कलम ६९ मुळे आपसातील हक्कांसाठी व बाहेरच्यांविरुद्ध दावा लावण्याची वाट बहुतांशी बंद होते. नोंदणीचा कंटाळा तेव्हा महागात पडतो.

यावरून सामान्य माणसाने घेण्याजोगा बोध साधा आहे. अनेकांचा व्यवहार असेल तर सही कोण करणार हे आधी लिहून ठेवावे. सही करणाऱ्याने केवळ आपले नाव न लिहिता ‘सर्वांच्या वतीने’ हे शब्द लिहावेत. इतरांनी शक्य तितक्या लवकर आपली संमती कागदावर द्यावी. आणि समोरच्याची सही घेताना, तू कोणाच्या वतीने सही करतोस, तुझे मुखत्यारपत्र कोठे आहे, हे विचारायला लाजू नये.

हा अभ्यास करीत असताना मी पेटीतला आमचा तो कागद पुन्हा काढून वाचला. करार अधिनियमाच्या कलम १९६ प्रमाणे, एखाद्याने दुसऱ्याच्या वतीने केलेली कृती तो दुसरा मागाहून मान्य करू शकतो आणि मग ती पहिल्यापासूनच त्याच्या अधिकाराने झाली असे धरले जाते. मोठेबाबा आणि काका यांनी बाबांची सही कधी नाकारलीच नव्हती. व्यापाऱ्याने स्वतः सही केली होती, इसार दिला होता, फळ नेले होते. म्हणजे ‘सही एकाची’ हे वाक्य म्हणावे तितके भक्कम नव्हते. पण पैशाच्या दाव्याची मुदत सामान्यतः तीन वर्षांची असते आणि मला हे कळेपर्यंत ती उलटून गेली होती.

बाबांना मी हे सांगितले. ते एवढेच म्हणाले, “पुढच्या बहाराला कागद तू लिही.” त्या कागदावर तिघांच्याही संमतीची ओळ मी आधी लिहिणार आहे.